सोसायटीच्या दारात शेतकऱ्याची भाजी: पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी

आपल्या घरची रोजची भाजी थेट ती पिकवणाऱ्याकडून घ्यावी असं शहरात राहणाऱ्या अनेकांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं पुण्याच्या आसपासची आहेत, कारण मला तोच भाग माहीत आहे. नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरच्या वाचकांनी तालुके आणि पिकं आपल्याकडची घ्यावीत, पद्धत तीच राहते.

कामाला लागण्याआधी पैसा कुठे जातो ते समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा आणि बटाट्याच्या भावांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहक मोजतो त्या एका रुपयातले टोमॅटोला सुमारे ३३ पैसे, कांद्याला ३६ आणि बटाट्याला ३७ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात, असं त्यात दिसलं. बाकीचे सगळे पैसे दलाल खातो, असं मात्र समजू नका. त्यात गाडीभाडं, हमाली, तोलाई, आडत (माल विकून देणाऱ्याचं कमिशन), गाळ्याचं भाडं येतं आणि सडून फेकलेला माल येतो. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी पहाटे मार्केट यार्डात, म्हणजे घाऊक बाजारात, जाते, माल निवडते, दिवसभर पाणी मारून ताजा ठेवते आणि संध्याकाळी उरलेल्याचं नुकसान सोसते. तुम्ही ही साखळी टाळता तेव्हा तिची ही सगळी कामं तुमच्या आणि शेतकऱ्याच्या अंगावर येतात. ती कोण करणार, हे ठरवणं म्हणजेच या लेखातलं बहुतेक काम.

आधी घरं मोजा, मग शेतकरी शोधा

बहुतेक जण आधी शेतकरी शोधतात आणि मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात निरोप टाकतात. क्रम उलटा ठेवा. शेतकऱ्याला चार रुपये जास्त मिळण्यापेक्षा ठरलेलं गिऱ्हाईक मिळण्याची गरज मोठी असते. यार्डात गाडी लागून लिलाव होईपर्यंत आज काय भाव फुटणार हे त्याला ठाऊक नसतं. कधी पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) हातात पडते तेव्हा भाडं वजा जाऊन काहीच उरलेलं नसतं. तुम्ही त्याला देऊ शकता ती सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शब्द: दर आठवड्याला इतकी घरं, इतका माल, हमखास.

म्हणून आधी घरोघरी विचारा. ‘तुम्हाला आवडेल का?’ असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘दर शनिवारी किमान अमुक रुपयांची भाजी तीन महिने घ्याल का?’ असं विचारा. जे नक्की हो म्हणतील तेवढीच घरं धरा. त्यांच्याकडून दोन याद्या घ्या. एकीत दर आठवड्याला लागणारं: कांदा, बटाटा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, आलं, लसूण. दुसरीत अधूनमधून लागणारं: वांगी, दोडका, गवार, घेवडा, पालेभाज्या.

आता एक हिशोब. समजा एका घराला आठवड्याला चार-पाच किलो फळभाजी आणि तीन-चार जुड्या लागतात. पन्नास घरांचे झाले दोन-अडीचशे किलो. छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या मालवाहू टेम्पोत, साधारण साडेसातशे किलो माल बसतो. गाडीचं येण्याजाण्याचं भाडं समजा अडीच हजार धरलं, तर अडीचशे किलोवर किलोमागे दहा रुपये नुसत्या वाहतुकीचे होतात. तीच गाडी भरून आली तर साडेतीन रुपयांच्या आत पडतात. वीस घरांचे उपक्रम दोन महिन्यांत बंद पडतात त्यामागे उत्साह कमी पडल्यापेक्षा हे गणित जास्त असतं. घरं कमी असतील तर शेजारच्या दोन सोसायट्यांना बरोबर घ्या. गाडी एकच, थांबे तीन.

शेतकरी कुठे भेटतो

सरळ वाट म्हणजे कृषी विभागाची. प्रत्येक जिल्ह्यात ‘आत्मा’ म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचं कार्यालय असतं आणि त्यांच्याकडे भाजीपाला करणाऱ्या शेतकरी गटांच्या याद्या असतात. तालुका कृषी अधिकारी आणि गावाचा सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) यांना कुणाच्या रानात काय उभं आहे हे बारकाईने माहीत असतं. नारायणगाव, बारामतीसारख्या ठिकाणची कृषी विज्ञान केंद्रंही चांगल्या गटांची ओळख करून देतात. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने ‘शेतकरी आठवडे बाजार’ सुरू केले आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत विधानभवनाच्या आवारातही संत सावता माळी यांच्या नावाने असा बाजार सुरू झाला होता. तुमच्या शहरात असा बाजार भरत असेल तर आधी तिथे जाऊन नुसते उभे राहा. कोण स्वतःच्या मालाबद्दल बोलतो आणि कोण फक्त विकतो, हे तासाभरात समजतं.

एकट्या शेतकऱ्याच्या मागे लागू नका. तुमच्या यादीतल्या बारा-पंधरा भाज्या एका माणसाच्या शेतात एका वेळी नसतात, आणि तो त्या पुरवायला गेला की उरलेल्या भाज्या यार्डातून उचलून आणतो. चार-पाच जणांचा गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी बघा. कंपनीला किमान दहा उत्पादक सभासद लागतात, तिचं बँक खातं असतं आणि बिल मिळतं. माझं मत विचाराल तर पन्नास-साठ घरांना ओळखीचा छोटा गट बरा आणि दोनशेच्या पुढे गेलात की कंपनी.

पहिल्या फोनवर भाव विचारू नका. ‘दादा, आत्ता रानात काय काय उभं आहे? पुढच्या महिन्यात काय निघेल? आता माल कुठे जातो?’ हे तीन प्रश्न पुरतात. यांची उत्तरं देताना जो माणूस गडबडत नाही, त्याच्या शेतावर जा.

खरंच शेतकरी आहे का?

ही शंका प्रत्येक सोसायटीत कुणीतरी काढतंच, आणि ती रास्त आहे. कागद मागायचा तर सातबारा आहे. त्यातला गाव नमुना सात मालकी दाखवतो आणि नमुना बारा पिकांची नोंद दाखवतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद करतो, ती तो मोबाईलवर तुम्हाला दाखवू शकतो.

पण नुसत्या कागदावर अडून राहू नका. खंडाने किंवा वाट्याने जमीन करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. भाजीचं निम्म्याहून अधिक काम बायका करतात आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. मेथीच्या दोन वाफ्यांची नोंद कुणी करत नाही. कागदावर शेतकरी ठरवायला गेलात तर सगळ्यात कष्ट करणारी माणसंच बाहेर राहतील. त्यापेक्षा शेतावर जा, तेही हंगामात दोनदा, आणि बरोबर सोसायटीतली चार माणसं, जमल्यास मुलंही न्या. सासवड पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. मुळशी, मावळ, खेड, शिरूरही एका रविवारात होतात.

गटातल्या कुणी शेजाऱ्याच्या शेतातली वांगी आणली तर त्यात गैर काही नाही. फक्त ते सांगायला हवं. आमच्याकडे फळ्यावर प्रत्येक भाजीपुढे गावाचं नाव लिहितात. यार्डातून आणलेलं आलं असेल तर ‘मार्केट यार्ड’ असंच लिहितात, आणि लोक ते आनंदाने घेतात. विश्वास तुटतो तो लपवल्यामुळे.

भाव कसा ठरवायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. तमिळनाडूत १९९९ मध्ये ‘उळवर संधै’ नावाचे शेतकरी बाजार सुरू झाले. त्याच वर्षी आंध्रात ‘रयतु बाजार’ सुरू झाले. दोन्हीकडचं सूत्र साधं आहे: भाव घाऊक बाजारापेक्षा वर आणि किरकोळ दुकानापेक्षा खाली, आणि तो सकाळीच फळ्यावर. आपणही तेच करायचं.

पुणे बाजार समितीचे घाऊक भाव वर्तमानपत्रांत आणि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. समजा टोमॅटो यार्डात वीस रुपये आणि तुमच्या कोपऱ्यावर चाळीस रुपये आहे. शेतकऱ्याला सोसायटीत अठ्ठावीस-तीस मिळाले तर त्याला गाडीचं आणि दिवस मोडल्याचं भरून येतं आणि तुमचेही दहा रुपये वाचतात. आकडा बदलेल, पण वाटणी अशी असावी.

दर आठवड्याला घासाघीस करण्यापेक्षा दोन रेषा आखून घ्या. टोमॅटो यार्डात मातीमोल झाला तरी सोसायटी अमुक रुपयांच्या खाली भाव पाडणार नाही. तो शंभरावर गेला तरी शेतकरी अमुक रुपयांच्या वर मागणार नाही. महिन्याला एकदा बसून या रेषा तपासा. टोमॅटो महागतो तेव्हा शेतकऱ्याची खरी परीक्षा होते आणि स्वस्त होतो तेव्हा तुमची. माझ्या पाहण्यात तरी शब्द मोडण्याची सुरुवात बहुतेक वेळा गिऱ्हाईकाकडून होते: कोपऱ्यावर दहा रुपये किलो लागला की लोक शनिवारी खाली उतरत नाहीत.

कायद्याचं थोडंसं

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. शेतकरी आपला माल आवाराबाहेर कुणालाही विकू शकतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. अन्न सुरक्षा कायदा शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतमालाला लागू होत नाही, म्हणून ताज्या भाजीसाठी परवाना मागू नका. तूप, लोणचं, पापड, मसाले असं काही बनवून विकायचं असेल तर मात्र अन्न नोंदणी लागते. ती नसेल तर त्या वस्तू टेबलावर ठेवू देऊ नका.

सोसायटीच्या आवारात बाजार भरवायचा तर कार्यकारिणीचा ठराव करून घ्या. जागा, दिवस, वेळ आणि कचरा कोण उचलणार हे त्यात लिहा. रस्त्यावर किंवा महापालिकेच्या मैदानावर बसायचं असेल तर क्षेत्रीय कार्यालयाची परवानगी लागते. वजनकाटा वैधमापन विभागाने पडताळून शिक्का मारलेला असावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते. काट्यावरून एकदा भांडण झालं की बाकीचं सगळं चांगलं काम मागे पडतं, म्हणून हे मी आवर्जून सांगते.

मागणी पेरणीच्या आधी सांगा

मेथी पेरल्यापासून महिन्याभरात निघते. पालकालाही महिना-सव्वा महिना लागतो, कोथिंबिरीला सहा आठवडे धरा. गवारीचा पहिला तोडा यायला दीड-दोन महिने जातात आणि टोमॅटोला रोप लावल्यानंतर दोन महिन्यांहून अधिक. म्हणजे आज व्हॉट्सॲप गटात ‘या वेळी मेथी का नाही?’ असं विचारून उपयोग नसतो. तो प्रश्न गेल्या महिन्यात विचारायला हवा होता.

म्हणून सणवाराचं कॅलेंडर घेऊन शेतकऱ्याबरोबर बसा. पितृपंधरवड्यात गवार, भेंडी, कारली, लाल भोपळा, अळू यांना घरोघरी मागणी येते आणि बाजारात गवार भडकते. ही तारीख दोन महिने आधी ठाऊक असते, मग गवार आषाढ-श्रावणातच त्या बेताने टोकली जाऊ शकते. भोगीला वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा लागतो. दसऱ्याला झेंडू लागतो, श्रावणात पालेभाज्या जास्त जातात. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, पण एवढी घरं नक्की घेणार आहेत हे शेतकऱ्याला माहीत नसतं.

पालेभाजी एकदम पेरली की एकदमच निघते आणि अर्धी वाया जाते. गटाला सांगून दर आठवड्याला एक-दोन वाफे मेथी, एक-दोन वाफे कोथिंबीर, असं पुढेमागे पेरून घ्या. भेंडीचा तोडा दिवसाआड करावा लागतो, नाहीतर ती जून होते. त्यामुळे तुमचा शनिवार सोडून बाकीच्या तोड्यांचा माल यार्डातच जाणार. यावर नाराज होऊ नका. तुम्ही त्याचं एकमेव गिऱ्हाईक नाही आणि तसं असूही नये.

आणि हंगाम मान्य करा. एप्रिल-मेमध्ये पालेभाज्या तुटतात. तेव्हा काकडी, दुधी, कैरी, कलिंगड यांवर भागवा. जुलै-ऑगस्टमध्ये मावळ-मुळशीकडून टाकळा, कुरडू, फोडशी, कर्टोली, भारंगी अशा रानभाज्या येतात. त्या विकणाऱ्या बाईला भाजीबरोबर कृतीही सांगायला लावा, कारण न ओळखणारं माणूस ती घेत नाही. पुरंदरचा मटार पावसाळ्यात येतो, थंडीपर्यंत थांबावं लागत नाही, ही त्या भागाची श्रीमंती आहे. सासवडकडचा गट असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरचा मटार आधीच सांगून ठेवा.

शनिवारचा दिवस

मागणीचा अर्ज बुधवारी रात्रीपर्यंत बंद करा. गुरुवारी एकच माणूस एकत्रित यादी गटाला पाठवेल, पाच जणांनी पाच फोन करू नयेत. शुक्रवारी दुपारनंतर तोडणी होते. पालेभाजी संध्याकाळी किंवा पहाटे काढतात, ओल्या गोणपाटात झाकून आणतात. टोमॅटो, वांगी कॅरेटमध्ये येतात. गाडी सकाळी सातपर्यंत लागली तर माल उन्हाआधी संपतो.

दोन पद्धती आहेत. आधी नोंदवलेल्या पिशव्या भरून द्यायच्या, किंवा टेबलं मांडून लोकांना निवडू द्यायचं. पिशव्यांमध्ये नासाडी कमी होते, पण शेतकरी आणि घरातलं माणूस यांची गाठ पडत नाही. मला दोन्हींचा मेळ आवडतो: कांदा-बटाटा-टोमॅटो नोंदवलेला, पालेभाज्या आणि बाकीच्या टेबलावर. मात्र टेबलावर भेंडी मोडून बघणं आणि मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करणं थांबवायला एखाद्या काकूंना उभं करा. त्यांचं सगळे ऐकतात.

पैसे त्याच दिवशी, थेट शेतकऱ्याच्या खात्यात, मोबाईलवरून. सोसायटीने पैसे गोळा करून महिन्याने देऊ नयेत. उधारी तर नकोच. शेतमजुराची मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी लागते.

उरलेल्या मालाचं आधीच ठरवा. नोंदवलेला माल न नेणाऱ्या घराने पैसे द्यायचेच, ही अट पहिल्या दिवसापासून लावा. टेबलावर उरलेली पालेभाजी शेवटच्या अर्ध्या तासात कमी भावाने द्यायची की जवळच्या आश्रमशाळेला किंवा वृद्धाश्रमाला पाठवायची, हे शेतकऱ्याला ठरवू द्या. त्याने रिकामी गाडी घेऊन परत जावं, एवढंच आपण बघायचं.

सेंद्रिय म्हणजे काय समजायचं

‘सेंद्रिय’, ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’ हे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी थांबा. प्रमाणपत्राची एक वाट छोट्या शेतकऱ्यांना परवडणारी आहे: पीजीएस-इंडिया. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो आणि एकमेकांची हमी घेतो. रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळातल्या मालाला ‘ग्रीन’ आणि पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. गटाकडे हे असेल तर बघा आणि मग लिहा.

नसेल तरी नातं तोडू नका. ‘ताई, फवारणी कधी केली होती? काय मारलं होतं? त्यानंतर किती दिवसांनी तोडा केला?’ हे विचारा. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते छापलेलं असतं. जी बाई सरळ सांगते की ‘वांग्याला आळीसाठी मारावं लागलं, म्हणून हा आठवडा वांगी आणली नाहीत’, तिची भाजी मी डोळे मिटून घेते. तुमच्या बाजूनेही काही सोडावं लागेल. फवारणी कमी हवी असेल तर फ्लॉवरमध्ये आळी निघेल, पालकाच्या पानाला भोक असेल, दोडका वाकडा असेल. असा माल घ्यायला लोक तयार आहेत का, ते आधी विचारा आणि मगच शेतकऱ्याला फवारणी कमी करायला सांगा.

पहिले तीन महिने

सुरुवात दिवाळीनंतर करा. थंडीत भाजी भरपूर, टिकाऊ आणि स्वस्त असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना सराव व्हायला वेळ मिळतो. मे महिन्यात सुरू केलेत तर पहिल्याच शनिवारी निम्मी यादी रिकामी येईल आणि लोकांचा हिरमोड होईल.

कामं वाटून घ्या: यादी एकाकडे, फळा आणि भाव दुसऱ्याकडे, जागा आणि कचरा तिसऱ्याकडे. दर तीन महिन्यांनी माणसं बदला. सगळं एकाच उत्साही ताईंच्या गळ्यात पडलं की त्या गावाला गेल्या त्या आठवड्यात बाजार बंद. गाडी चुकली, पाऊस आला, लग्नसराईत मजूर मिळाले नाहीत, असं होणारच. अशा आठवड्यात शेतकऱ्याने शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचं आणि सोसायटीने सुट्ट्यांत घरं रिकामी असतील तर सोमवारीच कळवायचं, हे दोघांनी मान्य केलेलं असावं.

भाजी रुळली की तांदूळ, गूळ, हळद, डाळी यांच्याकडे वळा. मावळ-मुळशीचा इंद्रायणी तांदूळ वर्षाचा एकदम घेता येतो, त्यात दर आठवड्याची धावपळ नाही आणि शेतकऱ्याला सुगीनंतर एकरकमी पैसे मिळतात. त्यासाठी भाताच्या लावणीआधी, म्हणजे जूनमध्येच, किती घरांना किती किलो हवा ते लिहून द्या आणि शक्य असेल तर थोडी आगाऊ रक्कम द्या. बियाणं, खतं आणि लावणीची मजुरी याच सुमारास भरावी लागते.